सोलरची वीज साठवायला घरी कोणती बॅटरी घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे आणि मागच्या पडवीत त्याची बॅटरी. गणपतीत घर माणसांनी भरतं, लाइट जाते, आमचे पंखे फिरत राहतात आणि प्रश्न सुरू होतात. वाडीतले विचारतात, पुण्याचे नातेवाईक फोनवर विचारतात. तेच प्रश्न आणि मी देत असलेली उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

छतावर सोलर आहे, भर दुपार आहे, तरी लाइट गेली की घर बंद का पडतं?

कारण बहुतेक घरांवर ऑन-ग्रिड इन्व्हर्टर असतो, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेला आणि तिच्यावरच अवलंबून असलेला. तारेत वीज नाही असं कळताच तो दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करतो, आणि त्याने ते करायलाच हवं. तुमच्या छतावरची वीज तारेत जात राहिली, तर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. त्यामुळे पॅनेल कितीही असोत, बॅटरी आणि ती चालवणारा हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिड इन्व्हर्टर नसेल तर तुमच्या घरातही शेजाऱ्यासारखाच अंधार. सोलर बसवताना ही गोष्ट बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलीच नसते, पहिल्या पावसात कळते.

नेट मीटर आहे. बॅटरी घेतली तर बिल अजून कमी होईल का?

नाही. हे मी सगळ्यात आधी सांगतो, कारण चुकीच्या खरेदीचं मूळ इथे असतं.

नेट मीटरमध्ये दुपारी जास्तीचे ५ युनिट महावितरणला दिले, तर रात्री तेवढेच ५ युनिट तुमच्या हिशोबात वळते होतात. तेच ५ युनिट बॅटरीत घातले तर सगळे परत मिळत नाहीत. लिथियम बॅटरीत दहाव्या हिश्श्याच्या आसपास वीज चार्जिंग आणि रूपांतरात जाते, ॲसिडच्या बॅटरीत पाचव्या हिश्श्यापासून पाव हिश्श्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे बिलाच्या दृष्टीने तारेसारखी दुसरी बॅटरी नाही, आणि ती फुकट मिळालेली आहे.

आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, उरलेल्या युनिटना मिळणारा दर आपण भरतो त्याच्या मानाने फार कमी असतो हे खरं. पण त्यावर बॅटरी हा उपाय नव्हे. घरची बॅटरी एका रात्रीची वीज ठेवते, फेब्रुवारीचं ऊन जुलैसाठी ठेवत नाही. दरवर्षी युनिट उरत असतील तर पॅनेल जास्त झालीत एवढाच त्याचा अर्थ.

नेट मीटर मिळालंच नसेल, किंवा तुमच्या बिलात दिवसाचा आणि संध्याकाळचा दर वेगळा लागत असेल आणि दिवसाचे युनिट संध्याकाळच्या वापरातून वळते होत नसतील, तर मात्र हिशोब बदलतो. ताजं बिल हातात घ्या आणि रकाना-रकाना वाचा.

मुलगा मेलबर्नला आहे. तो म्हणतो तिकडे सगळे बॅटऱ्या लावतायत. मग आपल्याकडे का नको?

त्याचं तिथलं म्हणणं बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात दुपारी ग्रिडला दिलेल्या विजेला अगदी थोडे पैसे मिळतात आणि संध्याकाळी तीच वीज महाग विकत घ्यावी लागते. शिवाय १ जुलै २०२५पासून तिथल्या केंद्र सरकारने घरगुती बॅटरीवर साधारण ३० टक्के सवलत सुरू केली. तिथे बॅटरी बिल वाचवते. आपल्याकडे ती लाइट गेल्यावर उपयोगी पडते. दोन्ही कारणं चांगली आहेत, पण त्याच्या घरच्या बॅटरीचं माप आपल्या घराला लावू नका.

मग बॅटरी नक्की कुणी घ्यावी?

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या रस्त्यावरचे विजेचे खांब भाताच्या रोपांसारखे आडवे झाले होते. कित्येक वाड्यांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरीत पाणी होतं, पण ते रहाटाने ओढावं लागत होतं. मोबाइल चार्ज करायला माणसं जनरेटरवाल्याकडे रांग लावत होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. त्या दोन वर्षांनंतर आमच्याकडे 'बॅटरी परवडते का' हा प्रश्न कुणी विचारला नाही.

रोज दोन-चार तास वीज जाते, घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचा रुग्ण आहे, म्हातारं माणूस उकाड्यात एकटं असतं, घरूनच कॉम्प्युटरवर काम चालतं, किंवा डीपी उडाला की दोन दिवस कुणी फिरकत नाही, अशा घरांनी बॅटरी जरूर घ्यावी. पुण्यात महिन्यातून एकदा अर्धा तास लाइट जाणाऱ्या फ्लॅटला साधा इन्व्हर्टर आणि एक बॅटरी पुरते, त्यासाठी सोलरची बॅटरी शोधत बसायची गरज नाही.

किती मोठी बॅटरी लागेल?

पॅनेल किती किलोवॅटची आहेत यावरून बॅटरी ठरवू नका. विक्रेते तसंच ठरवतात, कारण ते सोपं जातं. लाइट गेल्यावर काय काय चालायला हवं आणि किती तास, हे कागदावर लिहा. आमच्या घराचा कागद असा होता:

तीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, प्रत्येकी ३० वॅट, ८ तास: ७२० वॅट-तास. सहा एलईडी दिवे, ९ वॅटचे, ५ तास: २७०. वायफायचा राउटर १० वॅट, १२ तास: १२०. टीव्ही ८० वॅट, २ तास: १६०. फ्रिज दिवसाला साधारण १.२ युनिट खातो, त्याचे सहा तासांचे ३००. एकूण १,५७० वॅट-तास, म्हणजे (हजार वॅट-तासांचं एक युनिट धरून) दीड युनिटच्या थोडं वर. इन्व्हर्टरमध्ये दहा टक्के जातात असं धरलं तर पावणेदोन युनिट.

आता १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे ॲसिडची, बॅटरी घ्या. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास, १.८ युनिट. पण ॲसिडची बॅटरी निम्म्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी येतात ०.९ युनिट. दोन बॅटऱ्या घेतल्या की आमचं काम जेमतेम होतं. लिथियममध्ये २५.६ व्होल्ट १०० एएचची एक पेटी २.५६ युनिटची, तिच्यातले ९० टक्के वापरता येतात, म्हणजे २.३ युनिट. तिथे थोडी सवड राहते.

आता तेच तीन पंखे जुने, ७५ वॅटचे, धरून बघा. ७२०च्या जागी १,८०० वॅट-तास होतात. १,०८० वॅट-तासांचा हा फरक म्हणजे एका ट्यूब्युलर बॅटरीतून मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त. तीन पंखे बदलायला एका बॅटरीपेक्षा कमी पैसे लागतात आणि पंख्याला पाणी घालावं लागत नाही. म्हणून बॅटरी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी छताकडे बघायला लावतो, आतल्या बाजूने.

पाण्याचा पंप, एसी, गिझर बॅटरीवर चालेल?

गिझर आणि इस्त्री विसरा. पंप चालतो, पण १ एचपीचा पंप सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, आणि तेवढ्यासाठी इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो. पंप उन्हात चालवून टाकी भरून ठेवा. वर चढवलेलं पाणी हीसुद्धा साठवलेली वीजच आहे. एसी हवाच असेल तर इन्व्हर्टर एसी घ्या आणि एका खोलीपुरती, रात्रीचे ठरावीक तास, अशी वेगळी मोजणी करा.

बॅटरीवर लिहिलेले एएच, सी-१०, सी-२० म्हणजे काय?

एएच एकटा काही सांगत नाही. व्होल्टने गुणा, हजाराने भागा, की युनिट मिळतात. १२ व्होल्ट १५० एएच आणि ५१.२ व्होल्ट १०० एएच यांत आकडा पहिल्याचा मोठा दिसतो, पण पहिलीत १.८ युनिट आहेत आणि दुसरीत ५.१२.

सी-१० म्हणजे ती क्षमता दहा तासांत बॅटरी उतरवून मोजलेली, सी-२० म्हणजे वीस तासांत. ॲसिडची बॅटरी हळू उतरवली की जास्त वीज देते, त्यामुळे सी-२०ने १५० भरलेली बॅटरी सी-१०ने मोजली तर १५० भरत नाही. सोलरसाठी विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्या सी-१०ने मोजलेल्या असतात, साध्या इन्व्हर्टरच्या सी-२०ने.

आमच्या पहिल्या दोन बॅटऱ्या इथेच चुकल्या. बिलावर 'सोलर बॅटरी १५० एएच' लिहिलं होतं. दुसऱ्या वर्षी रात्री अकराला पंखे थांबायला लागले तेव्हा मी टॉर्च घेऊन बॅटरीच्या बाजूचा कागद वाचला. धुळीखाली अगदी बारीक अक्षरात सी-२० होतं. दुकानदाराने फसवलं की त्यालाच फरक माहीत नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. नुकसान आमचं झालं. बॅटरी गाडीतून उतरवायच्या आधी तो कागद वाचा, आणि बिलावरही सी-१० लिहून घ्या.

ट्यूब्युलर घ्यावी की लिथियम?

घरासाठी लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात ज्याला एलएफपी किंवा लाइफपो-फोर म्हणतात तीच. बाकी लिथियमचे प्रकार घरात आणू नका.

तुलना करायची तर बॅटरीच्या किमतीला तिच्यातून आयुष्यभरात निघणाऱ्या युनिटनी भागा. समजा ट्यूब्युलर १६,००० रुपयांना मिळाली. ०.९ युनिट, निम्म्यापर्यंत उतरवत १,५०० वेळा: १,३५० युनिट. साठवणुकीचा खर्च युनिटला जवळपास १२ रुपये. समजा ५.१२ युनिटची एलएफपी १,२०,००० रुपयांना मिळाली. ४.६ युनिट, ४,००० वेळा: १८,४०० युनिट, म्हणजे साडेसहा रुपये. तुम्हाला मिळालेला खरा भाव या जागी घाला. रोज वापर असेल तर लिथियम स्वस्त पडते, पहिल्या दिवशी खिसा कितीही रिकामा झाला तरी.

पण 'रोज वापर असेल तर' हे शब्द सोडू नका. महिन्यातून चारदाच लाइट जात असेल तर ४,००० वेळा वापर व्हायला ऐंशी वर्षं लागतील. तेवढी वर्षं कुठलीच बॅटरी टिकत नाही. न वापरताही ती म्हातारी होते. अशा घराने ट्यूब्युलर घेतली तर त्यात कमीपणा काही नाही. ती गावातला इलेक्ट्रिशियन ओळखतो आणि जुनी झाली की भंगारात शिशाचे पैसे परत देते.

ट्यूब्युलरची सेवा मात्र करावी लागते. दोन-तीन महिन्यांनी झाकणांवरचे तरंगते दांडे बघायचे, लाल खुणेकडे उतरले असतील तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. विहिरीचं नाही, फिल्टरचं नाही. 'पागोळीचं पाणी स्वच्छच असतं की' असं म्हणून कौलांवरून गळणारं पाणी घातलेली एक बॅटरी मी पाहिली आहे, ती दोन पावसाळे टिकली नाही. टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी धरली की गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावायची. एवढं करणारं माणूस घरात कायम असेल तरच ट्यूब्युलर घ्या.

लिथियम बॅटरी पेट घेते म्हणतात. घरात ठेवायला भीती नाही का?

बातम्यांतल्या बऱ्याच आगी वेगळ्या रसायनाच्या बॅटऱ्यांच्या किंवा निकृष्ट जोडणीच्या असतात. एलएफपी त्यामानाने खूप शांत आहे, तिला तापून भडकायला बरंच जास्त तापमान लागतं. तरी वीज कोंडलेली पेटी आहे ती, बेफिकिरी नको. आयईसी ६२६१९ ही सुरक्षा चाचणी झालेली आहे का ते विचारा आणि प्रमाणपत्राची प्रत मागा. आतला बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट, कुणाचा आहे ते विचारा.

गाड्यांतून काढलेले जुने सेल नव्या डब्यात घालून 'असेंबल' बॅटरी म्हणून स्वस्तात विकल्या जातात. त्या घेऊ नका. घरात लेकरं झोपतात.

ॲसिडच्या बॅटरीतही धोका असतो हे मात्र आपण विसरतो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. बंद कपाटात, देव्हाऱ्याच्या खाली, समईजवळ ती ठेवलेली मी बघितली आहे. तसं कधीही करू नका.

जुन्याच इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी जोडली तर?

इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं सेटिंग असेल तरच. जुने इन्व्हर्टर ॲसिडची बॅटरी ताजी करायला मध्येच व्होल्टेज बरंच वर नेतात. १२.८ व्होल्टच्या एलएफपीला १४.६च्या वर सोसत नाही, तिचा बीएमएस तोडून टाकतो आणि घर अंधारात जातं. जुनी-नवी बॅटरी एकत्र जोडणं तर कुठल्याच प्रकारात नको, जुनी नवीला आपल्या पातळीवर खेचून नेते.

आमच्याकडे ऑन-ग्रिड सोलर आधीच आहे. बॅटरी कशी जोडायची?

सरळ वाट म्हणजे इन्व्हर्टर काढून हायब्रिड लावणं. नेट मीटरच्या कागदांत इन्व्हर्टरची नोंद असते, म्हणून महावितरणला कळवून. दुसरी वाट, आहे ते तसंच ठेवून बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर बाजूला जोडणं. पॅनेल नवी असतील आणि इन्व्हर्टर वॉरंटीत असेल तर दुसरी वाट बरी.

खरं काम वायरिंगचं आहे. बॅकअपवर चालणाऱ्या दिव्या-पंख्यांची लाइन वेगळी, तिचा डीबी (स्विचांचा बोर्ड) वेगळा आणि तिचा न्यूट्रलसुद्धा वेगळा. घाईत काम करणारे फेज वेगळा करतात आणि न्यूट्रल जुन्या जुडग्यातच ठेवतात. मग लाइट गेली की इन्व्हर्टर ट्रिप होतो, किंवा बंद समजलेल्या वायरीला हात लावला तर झटका बसतो. काम संपल्यावर पैसे द्यायच्या आधी मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडा आणि घरभर फिरून काय चालू आहे, काय बंद आहे ते बघा.

बॅटरी ठेवायची कुठे?

सावलीत, वाऱ्याच्या जागी, जमिनीपासून उंच. ॲसिडच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं आणि तापमान दहा अंशांनी कायम वर राहिलं तर ते निम्म्यावर येतं असा ढोबळ नियम आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवणं म्हणजे ती भाजणं. गच्चीवरच्या टाकीखालची जागासुद्धा तशीच.

पुराच्या गावात गेल्या पुराची खूण बघून त्याच्या वर बसवा. चिपळूणला जुलै २०२१मध्ये बाजारपेठेत पाणी किती चढलं हे पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. तळमजल्यावर बॅटरी ठेवायची तर भिंतीवर, डोक्याच्या वर, नाहीतर माडीवर. समुद्राजवळ खारा वारा टोकं खातो, बंदिस्त पेटीची घ्या. झोपायच्या खोलीत आणि जिन्याखाली नको. अर्थिंग आणि वीज पडण्यापासून वाचवणारं एसपीडी नावाचं उपकरण, डीसी (पॅनेलच्या) आणि एसी (घराच्या) दोन्ही बाजूंना, यावर पैसे वाचवू नका. आमच्याकडे मृगाच्या तोंडावर आणि पाऊस परतताना विजा कशा कडाडतात ते माहीत आहे तुम्हाला.

पावसाळ्यात सोलरवर बॅटरी भरते का?

महाराष्ट्रात १ किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. कोकणात जुलैत झड लागली की त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, आणि लाइट जायचे दिवसही तेच. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एकच सेटिंग बदलतो. उन्हाळ्यात इन्व्हर्टर एसबीयूवर असतो, म्हणजे आधी सोलर, मग बॅटरी, मग तार. पावसाळ्यात तार आधी आणि बॅटरी राखीव, शिवाय तारेवरून चार्जिंग चालू. दसऱ्याला परत उलटं. हे सेटिंग बसवणाऱ्या माणसाकडून स्वतः शिकून घ्या, कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते कागदावर लिहून डीबीच्या झाकणाला आतून चिकटवा.

बॅटरीवर सरकारी अनुदान आहे का?

२०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात, जास्तीत जास्त ७८,०००. हे पैसे छतावरच्या सोलरचे. बॅटरी आपल्या खिशातून.

वॉरंटीच्या कागदात काय वाचायचं?

'१० वर्षं' या ठळक शब्दांच्या खालचं. वर्षं की सायकल (किती वेळा भरली-उतरवली), जे आधी संपेल ते? शेवटी क्षमता किती उरलेली असेल, ७० टक्के की ६०? किती तापमानापर्यंत वॉरंटी लागू आहे? पूर्ण बदलून देणार, की काही वर्षांनंतर फक्त किमतीत सवलत? सिरीयल नंबर बिलावर आहे का? आणि बॅटरी बिघडली तर माणूस घरी येणार, की चाळीस-पन्नास किलोची पेटी आपण शहरात न्यायची? खेड्यात राहणाऱ्याने हा शेवटचा प्रश्न आधी विचारावा. एक-दोन टक्के जास्त क्षमतेपेक्षा खेडला किंवा रत्नागिरीला सर्व्हिस असलेली कंपनी मला मोलाची वाटते.

जुन्या बॅटरीचं काय करायचं?

२०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्या आणि वजनाचे पैसे वजा करून घ्या. ॲसिड परड्यात ओतून रिकामा डबा भंगारवाल्याला देणारे अजून आहेत, त्या मातीत पुढे माड-सुपारी उभी असते.

आमचं गावचं घर वर्षभर बंद, गणपतीत आणि शिमग्यात उघडतं. बॅटरी ठेवावी का?

मुंबईकर मंडळींचा हा प्रश्न. बंद घरात ट्यूब्युलर ठेवू नका. तिला महिना-दोन महिन्यांनी चार्ज मिळाला नाही तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर धरतो आणि गणपतीत दार उघडाल तेव्हा ती मेलेली असते. मेन चालू ठेवून गेलात तर पाणी आटतं आणि बघणारं कुणी नसतं.

एलएफपी ठेवता येते. निघताना ती पूर्ण भरू नका, ५०-६० टक्क्यांवर ठेवा, तिचा ब्रेकर पाडा आणि बीएमएसचं बटणही बंद करा, नाहीतर बीएमएस स्वतःच थेंब थेंब वीज पीत राहतो. अशी ठेवली तर महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते आणि सहा महिन्यांनी जिवंत सापडते. तरी होळी आणि गणपती यांच्या मध्ये एकदा शेजारच्या कुणाला तरी किल्ली देऊन ठेवा. त्याला फक्त ब्रेकर वर करून बीएमएसचं बटण चालू करायला दाखवा, पडद्यावर किती टक्के दिसतात त्याचा फोटो मागवा, आणि तीसच्या खाली असेल तर एक दिवस उन्हात चार्ज करून परत बंद करायला सांगा.